मिहान, मेट्रो आणि दोन किलो तांदूळ

परवा कँटीनमध्ये नव्या ज्युनियरने विचारलं, "मॅम, ऑफिस मिहानला आणि राहता वर्धमाननगरला? काहून पण?" तो तिरोड्याचा, मी गोंदियाची, म्हणून 'काहून' खपून गेलं. प्रश्न मात्र रास्त होता. मिहान नागपूरच्या दक्षिण टोकाला, वर्धमाननगर पूर्वेला. शहाण्या माणसाने बेसा-मनीषनगरकडेच फ्लॅट बघावा.

मीही आधी तेच केलं. मनीषनगर, तिसरा मजला, लिफ्ट, खाली जिम. ऑफिसला पोचायला वीस मिनिटं. फुल्ल टू ऐश! शेजारी कोण राहतं, हे आठ महिन्यांत कळलं नाही. आणि घरी जायचं म्हटलं की आधी अख्खं नागपूर पार करा, मग पुढे १३० किलोमीटर.

तुम्ही म्हणाल, वंदे भारत आहे ना? आहे. ११ डिसेंबर २०२२ला सुरू झालेली नागपूर-बिलासपूर वंदे भारत गोंदियाला थांबते. पण नागपूरहून सुटते दुपारी. तुमचा टीम लीड सोडतो का हो दुपारी? माझा तर नाही.

मैत्रिणींचं मत होतं धरमपेठ. कॅफे, शॉपिंग, रात्री उशिरापर्यंत जाग. मन झालंही होतं. मग २३ सप्टेंबर २०२३ची पहाट आली. काही तासांत शंभरेक मिलिमीटर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआउटमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या एका कलीगचा फ्रिज पाण्यावर तरंगत होता. ब्रोकर 'लेक व्ह्यू' सांगतो. लेकही घर बघायला येऊ शकतं, हे सांगत नाही. तेव्हा बॉस, रूम बघायची तर भर पावसात बघा.

त्याच हिवाळ्यात रात्री अकराला आईचा फोन. बाबांच्या छातीत दुखत होतं. मी बॅग घेऊन रस्त्यावर, आणि एकही ऑटोवाला पारडीकडे यायला तयार नाही. भंडारा रोडला पोचेपर्यंतच तास गेला. बाबा सुखरूप आहेत. पण तो तास माझ्या डोक्यातून जाईना. महिन्याभरात सामान हलवलं.

आता प्रजापतीनगरहून मेट्रो, सीताबर्डीला बदलायची, खापरीला उतरायचं, पुढे शेअर ऑटो. एका बाजूने तासाच्या वर जातो. ऑफिसनंतरच्या पार्ट्या मी अर्ध्यात सोडते, आणि हो, त्याचं वाईट वाटतं. पण भंडारा रोड हाकेवर आहे, इतवारी स्टेशन जवळ आहे. या भागात भंडारा-गोंदियाकडची माणसं भरपूर. शेजारच्या काकू आमगावच्या. मला डेंग्यू झाला तेव्हा तीन दिवस त्यांनीच डबा दिला. आईने घर बघायच्या आधीच विचारलं होतं, "मेट्रो-फेट्रो राहू दे, बाजूले कोण हाये ते सांग." तेव्हा मी हसले होते. आता दर खेपेला गावाहून येताना काकूंसाठी दोन किलो तांदूळ आणते. दुकानातला त्यांना चालत नाही.

हे सगळं ज्युनियरने चहा थंड होईपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मॅम, तुमच्या बाजूला एखादी रूम खाली आहे का?"