ग्रामपंचायतीत माणूस टिकेना

मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांनी गट क पदांची मोठी भरती जाहीर केली. तरुणांनी अर्ज केले, शुल्क भरले आणि परीक्षेची वाट पाहत राहिले. करोना आला, परीक्षा लांबली, पुन्हा लांबली आणि २०२२ मध्ये सारी प्रक्रियाच रद्द झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० पदांसाठी नव्याने जाहिराती निघाल्या. या वेळी अर्जाचे शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये. पहिल्या जाहिरातीच्या वेळी पंचविशीत असलेला उमेदवार तोवर तिशीला टेकला होता. बेरोजगार मुलांकडून शुल्क घेऊन त्यांना चार वर्षे ताटकळत ठेवणाऱ्या व्यवस्थेने आता ‘चांगली माणसे ग्रामीण सेवेत येत नाहीत’ अशी तक्रार करू नये.

भरतीतला विलंब निदान सर्वांना दिसतो. निवड झाल्यावर काय होते, ते गावाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. ग्रामसेवकाच्या पदापुढे जाहिरातीतच कंसात ‘कंत्राटी’ असा शब्द असतो. पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी नाही, मानधन. ते २०२३ पर्यंत महिन्याला ६,००० रुपये होते; मग १६,००० झाले. या रकमेत एका पदवीधराने गावाची घरपट्टी-पाणीपट्टी वसूल करायची, जन्म-मृत्यू आणि विवाहाच्या नोंदी ठेवायच्या, पाण्यात टीसीएल ही जंतुनाशक पावडर पडते की नाही ते पाहायचे, घरकुलाचे हप्ते, रोजगार हमीची कामे, ग्रामसभेचे इतिवृत्त, विकास आराखडा आणि एक ते तेहतीस नमुन्यांचे दप्तर सांभाळायचे. बरे, गाव एकच असेल असेही नाही. शेजारच्या गावचे पद रिक्त असेल तर त्याचा ‘अतिरिक्त कार्यभार’ येतो. सोमवारी या गावात, मंगळवारी त्या गावात, बुधवारी पंचायत समितीत आढावा बैठक. दाखल्यासाठी आलेल्या म्हातारीला कार्यालयाला कुलूप दिसते आणि ती ग्रामसेवकाला बोल लावते. तिचा राग खरा आहे. पण ज्यांनी एका माणसावर दोन-तीन गावे टाकली, त्यांच्यापर्यंत तो कधीच पोहोचत नाही.

पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत म्हणूनच एक हिशेब पक्का झाला आहे : ही पोस्ट निघाली तर घ्यायची, पण राज्यसेवेचा अभ्यास सोडायचा नाही. त्या मुलांना दोष देता येणार नाही. गावाचा कारभार मात्र अशाने रुजत नाही. शिवार, भावकी, पाण्याचे जुने वाद, कुणाची वसुली का थकली, हे सगळे उमगायला वर्षे जातात. ते उमगू लागावे आणि माणूस निघून जावा, असे घडत राहिले तर प्रत्येक नव्या माणसाबरोबर गाव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आणि खरे तर या सेवेइतके समाधान देणारे काम सरकारात दुसरे क्वचितच असेल. मंत्रालयात टिपणी पुढे सरकवणाऱ्याला तिचा शेवट बहुधा दिसत नाही. गावात पंचविशीतली मुलगी ग्रामसभेत ठराव घेते, अंदाजपत्रकात तरतूद करते आणि पुढच्या उन्हाळ्यात वस्तीवर नळाला पाणी येताना स्वतः पाहते. संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानात राज्यातली गावे बदलली, त्याचे श्रेय सरपंचांना मिळाले आणि ते योग्यच होते. पण त्या प्रत्येक गावात कुणीतरी दप्तर उघडून रात्री बसला होता. अशा माणसाला पुढे काय मिळते? विस्तार अधिकारीपदाच्या जागा मोजक्याच. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे पद करण्याचा निर्णय झाला. स्वागतच आहे, पण नव्या पाटीने कामाचा बोजा हलका होत नाही आणि बढतीची वाटही रुंद होत नाही.

टक्केवारीचा विषय टाळून चालणार नाही. गावपातळीवर लाच आहे, बिले अडवली जातात, खोट्या नोंदी होतात. ज्यांनी हे केले त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. परंतु ठेकेदार, पुढारी आणि वरिष्ठ यांच्या कात्रीत सापडलेल्या नव्या कर्मचाऱ्याने सही नाकारली, तर त्याच्या मागे कोण उभे राहते? आज बहुधा कुणीही नाही. बदली किंवा निलंबनाची धमकी ऐकून तो एकतर वाकतो, नाहीतर सोडून जातो. प्रामाणिक माणूस गाळला जाण्याची ही रीत आपण डोळ्यांदेखत चालू दिली आहे.

शहरांतले चित्र वेगळे नाही. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन दाखवून महापालिका भरती रोखतात आणि सफाईपासून संगणकापर्यंतची कामे ठेकेदाराच्या माणसांकडून करून घेतात. बाह्यस्रोतातून पदे भरण्याचा सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय तरुणांच्या संतापामुळे पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. संताप ओसरताच ठेक्याची पद्धत मागच्या दाराने चालूच राहिली.

मूळ कल्पना अशी नव्हती. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. वसंतराव नाईक समितीने त्यांच्यामागे जो विचार ठेवला, त्यात सत्ता जिल्ह्याकडे सोपवताना तिच्या हाताखाली सक्षम सेवकवर्गही दिला होता. शिक्षक, आरोग्य कर्मचारी, अभियंते, ग्रामसेवक हा या रचनेचा कणा. नंतर ७३ वी घटनादुरुस्ती झाली, पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला. पण २०२२ पासून मुदत संपलेल्या जिल्हा परिषदा आणि महापालिका वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात कर्मचाऱ्याच्या वर लोकांना जाब देणारा कुणी नव्हता आणि त्याच्या अडचणी सभागृहात मांडणाराही कुणी नव्हता.

सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी एप्रिल २०२६ पासून पाच वर्षांचा आहे. निधी थेट गावाच्या खात्यात येणार, त्याचा आराखडा आणि हिशेब गावातच व्हायचा. तो कोण करणार, याचे उत्तर राज्य सरकारने आत्ताच द्यायला हवे. जिल्हा परिषदांची भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात करा आणि परीक्षा रद्द झाली तर शुल्क तीस दिवसांत परत द्या. तीन वर्षांची कंत्राटी अट काढून पहिल्या दिवसापासून वेतनश्रेणी लागू करा. परिवीक्षेचा काळ तेवढा पुरेसा आहे. रुजू होण्यापूर्वी ‘यशदा’ या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या धर्तीवर सलग प्रशिक्षण आणि एका अनुभवी ग्रामसेवकाच्या हाताखाली काही महिने प्रत्यक्ष काम द्या. अतिरिक्त कार्यभाराला कालमर्यादा घाला. नियमबाह्य सही नाकारणाऱ्याची बदली करायची असेल तर लेखी कारण द्यावे लागेल, अशी तरतूद करा. यातल्या एकाही गोष्टीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. ग्रामविकास आणि वित्त या दोन खात्यांनी ठरवले, तर येत्या अर्थसंकल्पातच याची सुरुवात होऊ शकते.