लहान कंपनीचा शेअर आणि शेतकऱ्याची पुंजी

गेल्या चैत्रांत आमच्या रामवाडींतील एक शेतकरी गृहस्थ सकाळींच घरीं आले. संपादनांत गेलेल्या जमिनीचा मोबदला हातीं येतांच त्यांनीं त्यांतील मोठा हिस्सा एका लहान तंत्र-कंपनीच्या शेअरांत घातला होता, आणि आतां त्या शेअरचा भाव निम्म्याहूनही खालीं आला होता. मोबाइल पुढें धरून त्यांनीं विचारलें, “भाऊ, आतां विकूं कीं ठेवूं?” मजपाशीं उत्तर नव्हतें. त्यांच्या मुलीचें लग्न दीड महिन्यावर आलें होतें, आणि त्यास लागणारी रक्कम याच शेअरांत अडकली होती. ‘ठेवा’ म्हणण्याची सोय नव्हती व ‘विका’ म्हणण्यास जीभ वळत नव्हती. ते गेल्यावर ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न उशिरा आला. तो खरेदीच्या दिवशीं विचारावयास हवा होता. आज पुष्कळ शेतकरी बंधु याच वाटेनें चालले आहेत, म्हणून त्या प्रश्नाचा विचार येथें मांडीत आहें.

आपला पेण तालुका जमिनीस किती जपतो हें सर्वांस ठाऊक आहे. २००८ सालच्या सप्टेंबरांत विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांत सार्वमत घेण्यांत आलें, तेव्हां जमीन राखण्यासाठीं आपले लोक केवढ्या एकजुटीनें उभे राहिले होते! परंतु तीच जमीन रस्त्यासाठीं वा दुसऱ्या सार्वजनिक कामासाठीं गेली आणि तिचे पैसे खात्यांत आले, म्हणजे ते कोठें घालावे याचा विचार बांधावरच्या एका आंब्याइतकाही होत नाहीं. बँकेवर भिस्त ठेवावी, तर २०१० च्या सप्टेंबरांत पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले आणि हजारों ठेवीदारांचे पैसे अडकले, ही आठवण घरोघरीं ताजी आहे. अशा मनःस्थितींत कोणी मोबाइलवर डीमॅट खातें उघडून देतो, कोणी ‘दुप्पट होणार’ म्हणून एका कंपनीचें नांव सांगतो, आणि पिढ्यांची पुंजी पांच मिनिटांत घरांतून निघून जाते.

अशा कंपनीच्या भावाची चाल कशी असते, हें पाहण्यास लांब जावयास नको. नवी मुंबईंत महापे येथें ‘आयडियाफोर्ज टेक्नॉलॉजी’ ही ड्रोन तयार करणारी कंपनी आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें शिकलेल्या तरुणांनीं ती २००७ सालीं काढली. टेहळणी व नकाशे यांसाठीं लागणारे ड्रोन ती बनविते, आणि सैन्य हें तिचें मोठें गिऱ्हाईक आहे. २०२३ च्या जूनअखेर तिनें जनतेस शेअर देऊं केले. किंमत कमाल ६७२ रुपये होती, आणि द्यावयाच्या शेअरांच्या शंभरपटींहून अधिक मागणी आली. ७ जुलै २०२३ रोजीं बाजारांत व्यवहार सुरू झाला तो १,३०० रुपयांच्या आसपास. मूळ वाटपांत ज्यांस शेअर मिळाले ते थोडे. ज्यांस मिळाले नाहींत त्यांतील अनेकांनीं हळहळ न सोसून बाजारांतून तेराशेच्या भावानें घेतले. पुढें भाव उतरत गेला, आणि २०२५ च्या मार्च-एप्रिलांत तो साडेतीनशेच्याही खालीं गेला. मग मे महिन्यांत भारत-पाकिस्तान संघर्षाच्या निमित्तानें ड्रोनांची चर्चा सुरू होतांच तोच शेअर थोड्या दिवसांत झपाट्यानें वर चढला.

यांत कोणाची लबाडी शोधण्याचें कारण नाहीं. २०२३-२४ सालीं या कंपनीचें उत्पन्न सुमारें ३१४ कोटी रुपये व नफा सुमारें ४५ कोटी होता; २०२४-२५ सालीं उत्पन्न सुमारें १६१ कोटींवर आलें आणि सुमारें ६२ कोटींचा तोटा झाला. अशा धंद्यांत मोठ्या मागण्या सरकारी निविदांतून येतात. एक निविदा लांबली तर सबंध वर्ष कोरडें जातें, आणि एक हातीं आली तर कोठार भरतें. शिवाय लहान कंपनीचे बाजारांत फिरणारे शेअर थोडे असल्यामुळें थोड्या लोकांनीं घ्यावयाचें ठरविलें तरी भाव उसळतो, व थोड्यांनीं विकावयाचें ठरविलें तरी कोसळतो. एका दिवसांत भाव फार हलूं नये म्हणून बाजारानें टक्केवारीची मर्यादा घातलेली असते. परंतु भाव खालच्या मर्यादेस टेकला म्हणजे विकणारे रांगेंत उभे आणि घेणारा कोणीच नाहीं, अशी स्थिति पुष्कळदां होते. त्या दिवशीं विकण्याचा निश्चय केला तरी तो मनांतच राहतो.

आपल्या लोकांचा आणखी एक समज येथें तपासला पाहिजे. ‘ड्रोन शेतांत फवारणी करूं लागला आहे, तेव्हां ड्रोनच्या कंपनीचा शेअर वाढणारच,’ असें म्हणतात. औत उपयोगी असतें, म्हणून कोणी औतास मागेल ती किंमत देत नाहीं. वस्तूची उपयुक्तता ही एक गोष्ट, ती करणाऱ्या कंपनीस नफा होणें ही दुसरी, आणि तो नफा आपण दिलेल्या भावास पुरेसा असणें ही तिसरी. शिवाय वर सांगितलेल्या कंपनीचा मुख्य व्यवहार टेहळणीच्या ड्रोनांचा आहे, फवारणीचा नाहीं, एवढें तरी शेअर घेणाऱ्यानें वाचलेलें असावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. समजा, दोघां शेतकऱ्यांनीं हाच शेअर पहिल्या दिवशीं १,३०० रुपयांस घेतला. एकानें दहा लाख रुपये घातले, आणि ते दोन वर्षांनीं घर बांधण्यास लागावयाचे होते. दुसऱ्यानें १३,००० रुपयांचे दहा शेअर घेतले, आणि ही रक्कम सात-आठ वर्षें मागावयाची नाहीं असें आधींच ठरविलें. भाव ३४० झाला तेव्हां पहिल्याचे दहा लाख दोन लाख साठ हजारांच्या घरांत आले, दुसऱ्याचे तेरा हजार तीन हजार चारशेंवर आले. तेराशेवरून तीनशें चाळीस म्हणजे शेंकडा ७४ ची उतार. मूळ भाव पुन्हां दिसण्यास शेअर जवळजवळ चौपट व्हावा लागतो. पहिल्याचें घर अर्धवट राहिलें, झोप गेली, आणि अखेर जो भाव मिळेल त्या भावानें त्यास विकावें लागलें. दुसऱ्यास वाईट वाटलें, पण त्याची पेरणी अडली नाहीं, आणि कंपनी सुधारते कीं बिघडते हें स्वस्थपणें पाहण्यास त्यास वेळ उरला. शेअर एक, दिवस एक, भाव एक. मग अंतर कोठें पडलें? दुसरा अधिक धीराचा होता असें मुळींच नाहीं. भावाचा चढउतार सोसण्याची शक्ति रकमेच्या प्रमाणांतून व मुदतींतून येते, आणि हीं दोन्हीं खरेदीपूर्वींच ठरतात.

खारेपाटांतील शेतकऱ्यास हें नव्यानें शिकविण्याची गरज नसावी. उधाण केव्हां यावें हें आपल्या हातीं नाहीं. बांध किती उंच घालावा हें आहे. उन्हाळ्यांत ज्यानें बांधाची डागडुजी केली नाहीं, त्यानें खांड पडल्यावर काठावर उभें राहून सल्ला विचारला तर कोण काय सांगणार? नवी खारजमीनही पहिल्याच वर्षीं चांगलें भात देत नाहीं. पावसाच्या पाण्यानें क्षार धुऊन जाण्यास वर्षें लागतात, आणि तोंवर कुटुंब दुसऱ्या शेतावर जगतें. ज्याचें सारें पोट त्या एकाच खाचरावर, त्यास ती जमीन कधींच लागवडीस आणतां येत नाहीं.

मुंबईनेंही हा धडा पूर्वीं एकदां घेतला आहे, आणि तोही शेतमालाच्या पैशावर. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध जुंपलें, तेथील कापूस विलायतेस जाईना, आणि आपल्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या लोंढ्यांत मुंबईस कंपन्यांचें पीक आलें. समुद्र बुजवून जमीन करूं पाहणाऱ्या बॅक बे कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. १८६५ च्या एप्रिलांत युद्धाचा शेवट होऊं लागला, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ रोजीं वायद्यांची मुदत भरली तेव्हां भरणा करण्यास पैसे नव्हते. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजाही त्यांत बुडाला. ज्यांनीं कर्जाऊ पैशानें व वायद्यानें शेअर घेतले होते, त्यांस थांबण्यास एक दिवसही मिळाला नाहीं.

म्हणून माझें मत असें आहे. आधीं कर्ज फेडावें. एका वर्षाचा संसार व पुढील हंगामाचा खर्च बाजूस काढावा. ठेवी एकाच बँकेंत न ठेवतां वांटून ठेवाव्या, कारण फेब्रुवारी २०२० पासून ठेवींचा विमा एका बँकेंत एका ठेवीदारास व्याज धरून पांच लाखांपर्यंतच आहे. त्यानंतर जें उरेल त्यांतून शेअरांकडे वळावें, आणि लहान कंपन्यांचे सर्व शेअर मिळून एकंदर पुंजीच्या शेंकडा पांचांपलीकडे जाऊं देऊं नये. ती सारी रक्कम बुडाली तरी शिक्षण, लग्न व पेरणी यांपैकीं कांहींच अडणार नाहीं, ही कसोटी लावावी. दागिने गहाण ठेवून किंवा पीककर्ज उचलून शेअर घेणें हा शुद्ध अविचार होय.

घेतेवेळीं एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्या: हा शेअर कां घेतला, हे पैसे केव्हां लागतील, आणि काय घडलें तर विकावयाचा. भाव पडला हें विकण्याचें कारण म्हणून लिहूं नये. उत्पन्न वर्षामागून वर्ष घटणें, कर्ज फुगणें, हिशेबतपासनिसानें मध्येंच काम सोडणें, चालकांनीं स्वतःचे शेअर गहाण टाकणें, अशीं कारणें लिहावीं. हें सारें कंपनीच्या प्रसिद्ध अहवालांतून कळतें, आणि तिमाहीस एकदां पाहिलें तरी पुरतें. रोज भाव पाहणाऱ्याचा हात रोज शिवशिवतो. बाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’नें जुलै २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२२-२३ सालीं एकाच दिवसांत शेअर घेऊन विकणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकीं सात जणांस तोटा झाला.

जे आधींच अडकले आहेत त्यांनीं काय करावें? त्यांनीं आपल्या शेअरांचे मनांत दोन वांटे करावे. वर्षाच्या आंत ज्या पैशांची गरज आहे तेवढा वांटा, भाव कांहींही असो, विकून मोकळें व्हावें. कारण लग्नाची वा पेरणीची तिथि बाजार पाहून थांबत नाहीं. उरलेला वांटा अहवाल वाचून ठेवावा वा सोडावा. ‘आपली खरेदी तेराशेची, ती आल्याशिवाय विकणार नाहीं,’ हा हट्ट करूं नये. आपण काय भाव दिला हें बाजारास ठाऊकही नसतें.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या थोडक्या रकमेनें कोण श्रीमंत झाला आहे? कोणी होणार नाहीं, हें खरें. परंतु आपण पुंजी घेऊन निघालों आहों ती गेलेल्या जमिनीची आहे. ती जमीन पुन्हां मिळणार नाहीं, आणि तिचे पैसेही दुसऱ्यांदा मिळणार नाहींत. पुढच्या पिढीस ते पोंचविणें हें पहिलें काम आहे. वाढ झाली तर आनंदच आहे.

आपल्या मंडळास माझी एक विनंति आहे. बियाण्याची व खतांची चर्चा आपण दरमहा करतों. त्याच सभेंत वर्षांतून दोनदां तरी एखाद्या कंपनीचा अहवाल जाणत्या माणसाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा, आणि ज्यांस नुकताच मोबदला मिळाला आहे अशा बंधूंस आवर्जून बोलवावें. वर सांगितलेल्या गृहस्थांनीं अखेर लग्नापुरते शेअर तोट्यांत विकले. लग्न वेळेवर झालें. जातांना ते एवढेंच म्हणाले, “हें कोणी आधीं सांगितलें असतें तर!” पुढच्या माणसास हें म्हणण्याची पाळी येऊं न देणें आपल्या हातीं आहे.