द्राक्षबागेतले पान

नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीवर 1965 मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणाच्या जलाशयाभोवती द्राक्षबागा आणि वायनरी, म्हणजे द्राक्षरस आंबवून वाइन तयार करणारे कारखाने, वसले असून 2000 मध्ये सुला या उद्योगाची पहिली वाइन बाजारात आल्यानंतर या परिसराला पर्यटनाची नवी ओळख लाभली. पाण्याकडे पाहत जेवण्याची सोय आता येथे सहज होते. मात्र अनेक ठिकाणी पिझ्झा आणि पास्ता यांनाच अग्रस्थान मिळते, ही खेदाची बाब आहे.

नाशिकची खरी चव मिसळीत आहे. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर शेव, कांदा आणि लिंबू घालून, वरून रस्सा, म्हणजे मसाल्याचा तर्रीदार झणझणीत कट ओतून, पाव, पापड व दह्यासह ती वाढली जाते, आणि द्राक्षमळ्यांतील चुलीवरच्या मिसळीसाठी रविवारी सकाळी कुटुंबेच्या कुटुंबे शहराबाहेर पडतात. तिखटामुळे वाइनमधील मद्यार्काचा दाह अधिक जाणवतो, तर किंचित गोडवा तो शमवतो; त्यामुळे शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाची अल्पगोड, थंड वाइन अशा जेवणाशी जुळते, आणि तुरट लाल वाइन सहसा जुळत नाही.

जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा हंगाम भेटीस सर्वांत योग्य होय. वायनरीच्या उपाहारगृहांनी निदान या दिवसांत तरी पिठले-भाकरी, ठेचा आणि मिसळ यांना आपल्या पदार्थसूचीत मानाचे स्थान द्यावे, अशी या अंकाची आग्रहाची मागणी आहे.