वाघाला फोटोग्राफर पुष्कळ आहेत

अमरावतीत कुणाच्या गळ्यात कॅमेरा दिसला, की त्याला वाढदिवसाला काय द्यायचं हे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच मिनिटांत ठरतं. सगळ्यांनी वर्गणी काढायची आणि झूम घ्यायचा. नळी जितकी लांब, तितकं मित्रप्रेम मोठं. 150-600 नवी घ्यायला गेलं तर मामला लाखाच्या घरात जातो, मग कुणीतरी ईएमआय सुचवतं. कशासाठी? तर भाऊ मेळघाटात जाईल आणि वाघ घेऊन येईल, फोटोतला.

माझा याला विरोध आहे. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, पण तिथल्या डोंगर-दऱ्यांतला वाघ जिप्सीपुढे पोज द्यायला येत नाही. मग भाऊ ताडोब्याला जातो, गाड्यांच्या रांगेत उभा राहतो आणि पुढच्या-मागच्या गाडीतल्या सगळ्यांकडे आहे तोच फोटो घेऊन परततो. कॅप्शन: ‘किंग’. वाघाला फोटोग्राफर पुष्कळ आहेत हो. त्याच भावाच्या घरच्या चार एकर कपाशीला मात्र एकही नाही.

मी मॅक्रो लेन्सची बाजू घेतो ती यासाठी. वऱ्हाडात जगण्यामरण्याचे विषय मिलिमीटरमध्ये मोजावे लागतात. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीची कटकट मिटली असंच सगळ्यांना वाटलं होतं. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं तीच बीटी विदर्भात पोखरून काढली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. एवढी उलथापालथ करणाऱ्या त्या अळीचं अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. ती फुलात शिरली की पाकळ्या गुंफल्या जातात, फूल उमलतच नाही. त्याला डोमकळी म्हणतात. ग्रुपवरच्या किती जणांनी डोमकळी उघडून आत पाहिलंय? वाघिणीची नावं मात्र सगळ्यांना पाठ.

दुसरी गोष्ट मित्रकिडींची. ढालकिड्याचा लाल ठिपकेदार भुंगा सगळ्यांना गोड वाटतो. त्याची अळी मात्र काळी, काटेरी, मगरीच्या पिलासारखी. ती दिवसभर मावा खाते, म्हणजे आपलंच काम करते, आणि आपण तिलाच कीड समजून पंप खांद्यावर घेतो. क्रायसोपा केसाएवढ्या देठाच्या टोकावर एकेक अंडं ठेवतो. पानावर पांढऱ्या टाचण्या टोचल्यासारखं दिसतं. ज्यानं हे एकदा मोठं करून पाहिलं, तो फवारणीआधी पान उलटून बघतो. आज मात्र होतं असं, की फोनवर काढलेला अंधुक फोटो औषधाच्या दुकानात जातो, ‘भाऊ, हे काय हाय?’ आणि उत्तरादाखल बाटली येते. अकोल्यात अख्खं कृषी विद्यापीठ आहे, पण धुरकट फोटोवरून तिथला कीटकशास्त्रज्ञ तरी काय सांगणार?

आता पैशाचं बोलू. मॅक्रो म्हणजे महाग, ही अफवा आहे. महाग लेन्समध्ये आपण वेगवान ऑटोफोकस, मोठं ॲपर्चर आणि हात स्थिर ठेवणारी यंत्रणा, या तीन गोष्टींचे पैसे मोजतो. 1:1 वर, म्हणजे एक सेंटिमीटरचा किडा सेन्सरवरही एक सेंटिमीटरच उमटतो त्या अंतरावर, या तिन्हींचा उपयोग फार थोडा. तिथे फोकस रिंग सोडून स्वतःच पुढे-मागे डोलावं लागतं. एफ/8 ठेवलं तरी मिलिमीटरपेक्षा कमी भाग स्पष्ट येतो, मग एफ/2.8 वर काय काढणार, किड्याची एक मिशी? उजेड फ्लॅशनं द्यायचा, पुढे बटर पेपर लावून.

म्हणून वीस-पंचवीस वर्षं जुनी 90 किंवा 100 एमएमची मॅक्रो सेकंडहँड घ्या. तेवढ्या फोकल लेंग्थला किडा चार-सहा इंच दूर राहतो, पळत नाही. 40 एमएमवाली स्वस्त पडते, पण तिच्यात बोटभर अंतरावर जावं लागतं आणि आपलीच सावली पडते. घेताना काचेतून टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा. एवढंही बजेट नसेल तर एक्स्टेन्शन ट्यूब घ्या: 50 एमएमच्या लेन्समागे 25 एमएमची ट्यूब लावली की निम्मं मोठेपण तिथेच मिळालं. त्याहून स्वस्तात रिव्हर्स रिंग, काही शेकड्यांची. किट लेन्सच उलटी बसवायची. तिला ॲपर्चर नीट बदलता येत नाही, ही कटकट खरी. जुन्या, ॲपर्चर रिंगवाल्या लेन्सला तोही त्रास नाही.

झूमवर ‘मॅक्रो’ असं छापलेलं असतं, त्याला भुलू नका. अकोल्यात एका दुकानदारानं मला असाच 70-300 दाखवला आणि वर म्हणाला, ‘याच्यात वाघही निंगते अन् मुंगीही.’ मुंगी निघते, पण अर्धीच: तो 1:2 वर थांबतो. फोनमागच्या दोन मेगापिक्सेलच्या ‘मॅक्रो’ कॅमेऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. तो बहुतेक बॉक्सवर कॅमेऱ्यांचा आकडा वाढवायला असतो.

आणि कृपा करून सरप्राइजचा हट्ट सोडा. निकॉनच्या साध्या बॉडीत फोकसची मोटर नसते, जुनी लेन्स तिच्यावर हातानंच फिरवावी लागते. मॅक्रोला ते चालतं, पण त्याला आधी ठाऊक हवं. मिररलेसला ॲडॉप्टर लागतो. ‘भाऊ, बॉडी कोणती हाय तुही?’ एवढं विचारल्यानं प्रेम कमी होत नाही. रिबिन बांधलेला, न बसणारा डबा घेऊन तो बिचारा महिनाभर दुकानाच्या पायऱ्या चढतो, ते पाहणं जास्त वाईट.

ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा उत्तर आलं, ‘लग्नाच्या ऑर्डरीत अळी चालते का बाप्पा?’ अळी नाही चालत. पण अंगठी, मेंदीची नक्षी, मंगळसूत्राची वाटी, हे सगळं लग्नवाला फोटोग्राफर याच लेन्सनं काढतो, आणि 90-100 एमएमनं चेहरेही उत्तम येतात. झूम मात्र मांडवात पिशवीतच पडून राहतो. म्हणजे कमाईचा हिशेबही माझ्याच बाजूनं आहे.

शेवटी तारखेचं. वाढदिवस डिसेंबरात असला तरी भेट जुलैत द्या. जूनमध्ये पेरलेली कपाशी जुलैअखेर पात्यांवर येते, ऑगस्टात फुलांवर. डोमकळी तेव्हा सापडते आणि तेव्हाच ती तोडून अळीसकट नष्ट करता येते. बांधावर कामगंध सापळे लावलेले असतील, त्यात सलग तीन दिवस रोज आठ-दहा पतंग पडले की शेतकऱ्याला निर्णय घ्यावा लागतो. सापळ्यात पडलेला पतंग गुलाबी बोंडअळीचाच की दुसरा कुठला, हे त्याच्या बाबांना त्या दिवशी मोठं करून दाखवायला कुणीतरी हवं. डिसेंबरात लेन्स पोचेल तेव्हा शेतात पऱ्हाट्या उरलेल्या असतील.