पर्जन्यमापकात न दिसणारा पूर

२००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा बंधनकारक केला. धोका किती वेळा येतो आणि आला तर किती नुकसान करतो, हा त्यातला मुख्य हिशेब. पण गडचिरोली-चंद्रपुरात हा हिशेब तालुक्याच्या सीमेत मावत नाही. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस ब्रह्मपुरी, देसाईगंजकडची गावं पाण्याखाली गेली, ती तिथल्या पावसाने नव्हे. पाऊस मध्य प्रदेशात कोसळला, गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले आणि वैनगंगा धानाच्या बांध्यांत शिरली. म्हणजे ब्रह्मपुरीच्या धोक्याचा अर्धा कागद भोपाळच्या दप्तरात! सिरोंच्यात तेच, फक्त तिथे गोदावरीवर तेलंगणाचं मेडीगड्डा धरण. भामरागडची गोष्ट निराळी. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या तिथे भेटतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटाचं पाणी मागे रेटलं जातं आणि रस्ता बंद. अशा वेळी घर पडलं तर पंचनामा होतो, जनावर वाहून गेलं तरी होतो. पण पलीकडच्या गावातली बाळंतीण नाल्याकाठी खोळंबली, तर ते कोणत्या रकान्यात लिहायचं? माझ्या मते या भागात धोक्याचं खरं माप पाण्याच्या उंचीपेक्षा संपर्क तुटलेल्या दिवसांत आहे. ते काढायला उपग्रहाची गरज नाही. आशाताई आणि कोतवाल यांना विचारलं, तर कोणता नाला किती पावसात चढतो आणि कधी उतरतो, हे ते तोंडपाठ सांगतील.