अळी नाही म्हणून भाजी अहिंसक?



फ्लॉवर निवडताना एकही अळी निघाली नाही की आपण हुश्श म्हणतो. पण ती अळी गेली कुठे? शेतातच फवारणीत मेली. आपल्या डोळ्यांआड झाली म्हणून ती हिंसा नव्हे का?

कंदमूळ वर्ज्य, चातुर्मासात पालेभाजी बंद. आणि शेतकऱ्याला मात्र आपण फक्त भाव विचारतो! यापुढे हेही विचारा: शेवटची फवारणी कधी केली? त्यानंतर किती दिवसांनी भाजी काढली? औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा होता? लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. फवारणाऱ्याला मास्क, हातमोजे दिले होते का? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे प्राण गेले. तेही पंचेंद्रिय जीवच.

काहीजणी म्हणतील, शेतकऱ्याची उलटतपासणी कशाला? अहो, कोल्हापूर-सांगलीकडे आपल्या कितीतरी घरांत शेती आहे. तिथे हे प्रश्न आधी घरातच विचारायला हवेत.

आणि विष न मारलेली, कुरतडलेल्या पानांची भाजी कोणी आणली, तर नाक मुरडू नका. चार पैसे जास्त द्या. अळी दिसली तर हळूच पाल्यावर सोडा. बिनडागी भाजीचा हट्ट आपण धरतो, म्हणून तो फवारतो.