बुऱ्हाणपूरच्या मुलांचा शिक्षक कोण घडविणार?

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न हा विद्यापीठांचा आणि सरकारी खात्यांचा. देवस्थानाच्या सभामंडपात त्याचे काय काम, असे आमच्या वाचकांपैकी कित्येकांस वाटण्याचा संभव आहे. आम्हांस मात्र तसे वाटत नाही. ज्या घरात मुलास आरती पाठ येते पण ती ज्या लिपीत व ज्या भाषेत छापली आहे ती भाषा त्यास वाचता येत नाही, त्या घरातील धर्म आणखी किती दिवस टिकेल, याचा विचार देवस्थानाच्या विश्वस्तांनी करावयाचा नाही तर कोणी करावयाचा? तापीकाठच्या बुऱ्हाणपुरातील मराठी घरांपुढे हाच प्रश्न आज उभा आहे, आणि त्याचे उत्तर शिक्षक घडविणाऱ्या संस्थांत जे फेरफार चालू आहेत त्यांत दडलेले आहे. म्हणून त्या फेरफारांविषयी चार स्पष्ट शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम फेरफारांचीच गोष्ट घेऊ. बी.एड्. ही पदवी दीर्घकाळ एका वर्षाची होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी ती २०१५ पासून दोन वर्षांची केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने असे ठरविले की, २०३० पर्यंत बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हीच शिक्षकाची किमान पात्रता असावी. आणि २०२३-२४ पासून निवडक संस्थांत तो अभ्यासक्रम प्रयोगादाखल सुरूही झाला. इतक्यात २०२५ च्या फेब्रुवारीत परिषदेने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि त्यात चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी व पदव्युत्तरांसाठी एका वर्षाची बी.एड्. पुन्हा आणण्याचा विचार मांडला. एकाचे दोन, दोनाचे चार आणि चाराच्या शेजारी पुन्हा एक! शिंप्याने एकाच मुलाचा सदरा दर दिवाळीस उसवून पुन्हा शिवावा, तसा हा प्रकार आहे. सदरा कितीदा शिवला याची नोंद दप्तरात सापडेल. मूल उघडे राहिले की कसे, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

कोणी असे समजू नये की आम्ही सुधारणेचे विरोधी आहोत. २०१४ च्या विनियमांत एक गोष्ट निःसंशय हिताची होती. पूर्वी छात्राध्यापकाने चाळीसेक पाठ घ्यावयाचे, निरीक्षकाने मागच्या बाकावर बसून टिपण करावयाचे आणि तेवढ्यावर शिक्षक तयार झाला असे समजावयाचे, अशी रूढी होती. नव्या विनियमांनी दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत घालविण्याचे बंधन घातले. त्यांपैकी सोळा आठवडे दुसऱ्या वर्षी सलग अनुभवाचे. ही कल्पना नवी नव्हेच. डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ सालीच शालेय अध्यापनाच्या प्रत्यक्ष सरावास अधिक वेळ व परीक्षेत अधिक वजन द्यावे, असे सांगितले होते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तर रोगाचे नेमके निदान केले होते: अध्यापक महाविद्यालये एकीकडे विद्यापीठीय जीवनापासून तुटलेली, दुसरीकडे शाळांपासून तुटलेली आणि तिसरीकडे परस्परांपासूनही तुटलेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ साली पुन्हा तेच बजावले आणि प्रत्येक प्रशिक्षणसंस्थेस प्रयोगशाळेसारखी एक शाळा जोडलेली असावी, अशी शिफारस केली. हा आयोग नेमण्याचे निमित्त महाराष्ट्रातील डी.एड्. विद्यालयांच्या मान्यतेचा खटला होते, हे मराठी वाचकांनी विसरू नये. तीन आयोग आणि साठांहून अधिक वर्षे एवढी किंमत मोजूनही जे सांगणे प्रत्येक वेळी नव्याने सांगावे लागते, ते कोणी ऐकले नसावे हे उघड आहे.

वीस आठवड्यांचे पुढे काय होते? कागदावर शाळा ही महाविद्यालयाची सहभागी असते. व्यवहारात पुष्कळ ठिकाणी ती पाठ घेण्याची जागा असते. छात्राध्यापक येतात, रजेवर गेलेल्या शिक्षकाचे तास सांभाळतात, हजेरीच्या तक्त्यावर मुख्याध्यापकांची सही घेतात आणि जातात. मुख्याध्यापकास कोणी विचारीत नाही की, तुमच्या शाळेत कोणत्या घरची मुले येतात, ती घरी काय बोलतात, कोणत्या वर्गात ती अडतात. ज्यास भागीदारी म्हणतात तीत दोन्ही पक्षांनी काही द्यावयाचे व काही घ्यावयाचे असते. विद्यापीठाने शाळेकडून सही घ्यावी आणि शाळेने विद्यापीठाकडून फुकटचे मनुष्यबळ घ्यावे, या देवघेवीस भागीदारी हे नाव शोभत नाही.

आता बुऱ्हाणपुराकडे वळू. फारुकी सुलतानांनी वसविलेले, मोगलांनी दक्षिणेचे दार म्हणून सांभाळलेले हे शहर. असीरगड त्याच्या पाठीशी आणि खानदेश त्याच्या अंगणाशी. मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या काळात निमाड जिल्ह्यातील या शहराचा राज्यकारभार ज्या नागपुरातून चाले, तेथे हिंदी व मराठी या दोन्ही भाषांस मान होता. १९५० साली कायद्याने त्या दोन्ही राजभाषा ठरल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिले. बुऱ्हाणपूरच्या मराठी माणसाने आपले घर हलविले नाही. त्याच्या घराभोवतीची राजभाषा मात्र बदलली. २००३ साली बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. त्याची हद्द आजही महाराष्ट्रास भिडलेली आहे. इच्छापूरच्या इच्छादेवीस नवस फेडावयास खानदेशातून माणसे येतात, मुक्ताईच्या दर्शनास बुऱ्हाणपुरातून माणसे जातात, केळीच्या गाड्या दोन्ही दिशांनी धावतात. या सर्वांस सीमा आडवी येत नाही. ती आडवी येते केवळ शिक्षकास.

ज्या पुनर्रचनेने हे घडले तिच्याच जोडीने राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने व प्रत्येक स्थानिक संस्थेने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. त्याआधी, १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मोजमापही ठरवून दिले होते: सबंध शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले अशी मागणी करणारी असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. कायदा आहे, मोजमाप आहे. मग अडते कोठे? अडते ते शिक्षकापाशी. शिक्षक नाही म्हणून पालक मुलास दुसऱ्या शाळेत घालतो. मुले कमी झाली की मागणी नाही असा शेरा पडतो. मागणी नाही म्हणून शिक्षक नेमला जात नाही, आणि नेमणुकाच नाहीत म्हणून मराठीच्या अध्यापनाचे शिक्षण घेण्यास कोणी तरुण पुढे येत नाही. या रहाटगाडग्यात पाणी कधीच वर येत नाही. ते थांबवावयाचे तर एकाच जागी हात घालता येतो, आणि ती जागा म्हणजे शिक्षक जेथे घडतो ती संस्था.

नेमका आजच हा हात का घालावा, त्याचे कारण सांगतो. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, बी.एड्. ही पहिली ते पाचवीच्या शिक्षकाची पात्रता होऊ शकत नाही. लहान मुलास शिकविण्याची विद्या निराळी आहे व ती निराळीच शिकली पाहिजे. पदरमोड करून बी.एड्. झालेल्या हजारो तरुणांवर त्याने आघात झाला खरा, आणि २०१८ साली हा दरवाजा ज्या परिषदेने उघडला तिने त्याचा दोष स्वीकारावयास हवा. परंतु निर्णयातील तत्त्व आम्हांस पटते. आजवर लहान मुलांचे शिक्षक पदविका विद्यालयांत घडत आणि विद्यापीठ माध्यमिक शाळेच्या खाली उतरत नसे. चार वर्षांच्या नव्या अभ्यासक्रमात पायाभूत व पूर्वतयारीच्या टप्प्यांचे, म्हणजे अगदी पाटीपेन्सिलीच्या वर्गाचे शिक्षकही विद्यापीठाने घडवावयाचे आहेत. विद्यापीठ प्रथमच बिगरीच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहत आहे. ते कोणती भाषा बोलत आत येणार, हे आताच ठरले पाहिजे. एकदा अभ्यासक्रम छापून झाला, अध्यापकांच्या जागा भरून झाल्या की, पुढे वीस वर्षे ‘तरतूद नाही’ हेच उत्तर मिळेल.

दुसरे कारण असे की, निमाडास स्वतःचे विद्यापीठ मिळाले आहे. २०२४ साली खरगोन येथे क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ स्थापन झाले आणि बुऱ्हाणपूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. सीमेपलीकडे जळगावचे विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करीत आहे. एकास निमाडच्या रानातील बंडखोराचे नाव, दुसऱ्यास खानदेशच्या शेतात राबणाऱ्या निरक्षर कवयित्रीचे. या दोन विद्यापीठांनी एकमेकांस शाळा उघड्या करून देण्याचा करार करावा, इतकी साधी आमची मागणी आहे. बुऱ्हाणपूरचा छात्राध्यापक सोळांपैकी काही आठवडे रावेर-मुक्ताईनगरच्या मराठी शाळेत घालवील. तिकडचा छात्राध्यापक बुऱ्हाणपुरात येऊन दोन-तीन भाषांच्या वर्गात कसे शिकवावे ते पाहील. यात कोणाचे राज्य बुडणार आहे? भोपाळची प्रादेशिक शिक्षणसंस्था १९६० नंतरच्या दशकापासून मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा या सर्वांसाठी काम करीत आली आहे, आणि प्रात्यक्षिकासाठी तिला स्वतःची शाळाही जोडलेली आहे. जे भोपाळास शक्य झाले ते खरगोन-जळगावास अशक्य म्हणणे हे केवळ आळसाचे निमित्त होय.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हिंदी प्रदेशात राहून मराठीचा हट्ट कशास? आम्ही हिंदीचे वैरी नाही. बुऱ्हाणपूरच्या मुलास उत्तम हिंदी आलीच पाहिजे. पण जो शिक्षक मुलाच्या घरची भाषा जाणतो, तोच त्यास दुसरी भाषा नीट शिकवू शकतो. हा न्याय आम्ही केवळ स्वतःपुरता मागत नाही. त्याच जिल्ह्यात कोरकू व भिली बोलणारी मुले आहेत, शहरात विणकरांच्या वस्त्यांतून उर्दू बोलणारी मुले आहेत. आमच्या मागणीने दार उघडले तर ते त्यांच्यासाठीही उघडेल. दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे: मराठी घरी बोलतो तेवढी पुरे, शाळा इंग्रजी बरी. त्यांस आमचा प्रतिप्रश्न आहे. ज्ञानेश्वरी घरी बोलता बोलता वाचता येते काय? बोलीस घर पुरते. ग्रंथास शाळा लागते, आणि शाळेस शिक्षक लागतो.

आता देवस्थानांविषयी. पोर्तुगीज अमलात गोव्यातील आपल्या पूर्वजांस सरकारकडून मराठी शाळेची आशा नव्हती. तेव्हा देवळांच्या आवारांत, अग्रशाळांत वर्ग भरले. पणजीत मुष्टिफंडाची संस्था उभी राहिली. तिचे नावच सांगते की, घरोघरची मूठ मूठ एकत्र करून ती चालली. १९११ साली फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले, आणि शाळेपासून निघालेल्या त्या मंडळाचे आज दादा वैद्यांच्या नावाचे अध्यापक महाविद्यालय आहे. शाळा आणि शिक्षकाचे शिक्षण एकाच छपराखाली असावे हे तत्त्व आयोगांच्या अहवालांत वाचण्याआधी आपल्या समाजाने आचरणात आणण्यास प्रारंभ केला होता. त्याच समाजातील देवस्थाने आज मंगल कार्यालयाची फरशी बदलण्यासाठी वर्गणी काढतात आणि शाळेचा विषय निघाला की सरकारकडे बोट दाखवितात. कळसास सोन्याचा मुलामा चढविणे हे पुण्यकर्म असेल. त्या कळसाखालचा शिलालेख वाचणारा माणूस तयार करणे हे त्याहून कमी पुण्याचे नाही.

म्हणून बुऱ्हाणपुरातील आणि सीमेलगतच्या सर्व मराठी-कोंकणी देवस्थानांस आमचे सांगणे आहे. पालकांच्या सह्या घ्या. वर्गात दहा, शाळेत चाळीस हे मोजमाप लक्षात ठेवून नावानिशी मागणी लेखी नोंदवा, म्हणजे मागणी नाही हे उत्तर देता येणार नाही. खरगोनच्या विद्यापीठाकडे निवेदन करा की, मराठीची अध्यापनपद्धती हा विषय अभ्यासक्रमात असावा आणि शालेय अनुभवासाठी मराठी शाळा यादीत असाव्यात. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या एका तरी गरजू मुलीस वा मुलास चार वर्षे विद्यावेतन देण्याचा ठराव प्रत्येक देवस्थानाने आपल्या वार्षिक सभेत करावा. आणि सीमेपलीकडून अनुभवासाठी येणाऱ्या छात्राध्यापकांच्या राहण्याची सोय धर्मशाळेत करावी. यात्रेकरूंसाठी ज्या खोल्या आहेत, त्या वर्षातील पुष्कळ दिवस रिकाम्याच असतात.

वर्षे एकाची दोन होवोत की दोनाची चार, हा वाद दिल्लीने खुशाल चालू ठेवावा. इच्छादेवीच्या नवरात्रास अजून अवकाश आहे. तोवर वरील ठरावांपैकी एक तरी ज्या देवस्थानाने केला असेल, त्याचे नाव आम्ही या पानावर आनंदाने छापू. ज्यांनी केला नसेल, त्यांस पुढल्या अंकी हेच प्रश्न पुन्हा विचारण्याचा आमचा अधिकार आम्ही राखून ठेवीत आहोत.